हलक्या भाराची काडतुसे आणि बाकी जे माझे आहे ते

मी, हेल्मी ऑरोरा तुओमेला, दिवंगत वाइनो तुओमेला यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार सालो कॉर्नर, उत्तर मिशिगन, हा दस्त स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. डोळे अधू आहेत, गुडघे गेले आहेत, पण काट्यावरचा कण मला अजून दिसतो. कोणाचेही दडपण नाही असे अशा कागदात लिहावे लागते. माझ्या बाबतीत ते अठ्ठेचाळीस वर्षांनी प्रथमच खरे आहे.

वकीलबाई श्रीमती हाटाया यांनी मला सांगितले की मृत्युपत्रात फक्त कोणाला काय द्यायचे ते असावे, का द्यायचे ते नसावे. मी त्यांना म्हटले की 'का' काढून टाकले तर माझ्याजवळ देण्यासारखे फार थोडे उरते. त्या हसल्या आणि लिहा म्हणाल्या.

कलम १. यापूर्वीचे सन १९८३ चे मृत्युपत्र मी रद्द करते. ते वाइनो गेल्यावर महिन्याभरात केले होते आणि त्यात सर्व काही माझे दीर रेइनो तुओमेला यांना दिले होते. त्यावर सही माझी होती एवढेच. गावात सर्वांना वाटत होते की माझ्याकडून त्याला तेवढे तरी मिळाले पाहिजे, आणि मलाही तसेच वाटत होते.

कलम २. या दस्ताची अंमलबजावणी डार्लीन ओयाला हिने करावी. ती शाळेची बस चालवते, वय पन्नास. अकरा वर्षांपूर्वी पावाच्या पिशवीत आजोबांचे रिव्हॉल्व्हर गुंडाळून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "दुकानातली काडतुसं घालायला भीती वाटते हो. हे बिचारं शंभर वर्षांचं आहे." त्याच दिवशी मी तिला आत घेतले. ज्याला जुन्या लोखंडाची कीव येते त्यालाच काडतुसे भरायचे हे काम शिकवावे.

कलम ३. मागच्या खोलीतील कामाची सर्व हत्यारे डार्लीनला द्यावीत: काडतुसे भरायची दोन दाबयंत्रे, शिसे वितळवायचे भांडे, गोळ्यांचे साचे, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे सगळे डबे (पुंगळ्या किती वेळा वापरल्या ते डब्यावर पेन्सिलीने लिहिले आहे), आणि तराजू. तराजूचे उजवे पारडे मी कधी कापडाने पुसले नाही, फक्त उंटाच्या केसांच्या कुंचल्याने. तिनेही तसेच करावे.

आमच्याकडे येणारी रिव्हॉल्व्हरे आजोबा-पणजोबांच्या काळची. हाताच्या पंज्यात मावतील एवढी, मधून दुमडून उघडणारी, गोळ्यांची पाच घरे असलेली. खाणीतल्या माणसाने पगाराच्या दिवशी खिशात ठेवायची म्हणून किंवा बायकोच्या उशाशी असावी म्हणून घेतलेली. त्यांचे लोखंड मऊ असते. आजच्या बंदुकीच्या दारूचा जोर त्यांना सोसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी भरणी लागते: मऊ शिसे, थोडी दारू, हलका धक्का. वर्षातून एकदा, जूनमधल्या युहान्नुस सणाच्या शेकोटीला, लोक ती रिव्हॉल्व्हरे पेटीतून काढतात, तळ्याकाठच्या डब्यावर पाच बार काढतात आणि पुन्हा तेल लावून ठेवून देतात. त्या पाच बारांसाठी मी एकोणसाठ वर्षे हे काम केले. दोन तालुक्यांत असे एक घर नाही जिथे माझी काडतुसे गेली नाहीत.

डार्लीनला एकच अट. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. दुसरा कपाटात, आणि कपाटाला कुलूप. का, ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. माझी स्वतःची दोन लहान रिव्हॉल्व्हरे, चांदीसारखी चकाकणारी आणि काळी मूठ असलेली, तीही डार्लीनला. लाकडी खोक्यात तिसरे एक आहे, सासूबाईंचे, ज्याचे गोळ्यांचे फिरते चक्र फुटलेले आहे आणि वरची पट्टी उलटी वळली आहे. ते कोणी ठेवून घेऊ नये. लोहाराकडे नेऊन कापून टाकावे, आणि तो कापत असताना डार्लीनने तिथे उभे राहावे.

कलम ५. उर्हो पेल्टो यांना पन्नास काडतुसांचे एक खोके द्यावे. हे गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षे माझ्याकडून काडतुसे घेत आले, आणि दर वेळी माझ्यासमोर एकेक काडतूस खिडकीच्या उजेडात धरून, कानाशी हलवून पाहत आले. तोंडाने कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातात माझ्या हातचे एकही वाईट काडतूस कधी गेले नाही. ही पन्नासही नीट भरलेली आहेत. त्यांनी ती हवी तितका वेळ उजेडात धरावीत.

कलम ६. हे कलम मी शपथेवर लिहीत आहे, आणि माझ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होईल तेव्हा डार्लीनने ते मोठ्याने वाचावे अशी माझी आज्ञा आहे. कॉफी ओतून झाल्यावर वाचावे, म्हणजे कोणाला उठता येणार नाही.

सन १९६१ चा युहान्नुस. मी एकतीस वर्षांची होते, लग्नाला अकरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. वाइनोने माझ्यावर कधी हात उगारला नाही. तो अबोला धरी. कॉफी गार झाली म्हणून आठवडा, चर्चला जाताना उशीर केला म्हणून महिना. एकदा नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. काम असले की चिठ्ठी लिहून दाबयंत्राखाली ठेवी. आमच्या फिनिश लोकांत अबोल्याला कोणी शिक्षा म्हणत नाही, स्वभाव म्हणतात. मी माझ्या बहिणीला, आयलीला, डुलुथला पत्र लिहिले. तिचे उत्तर आले की खोली आहे, बेकरीत काम आहे, ये. मी बॅग भरून शिवणयंत्रामागे ठेवली. युहान्नुस झाला की निघायचे असे ठरवले होते, कारण सणाच्या आधी गेले असते तर सासूबाईंवर पाहुण्यांचा भार पडला असता. असे विचार करणारी बाई कुठेच जात नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

सणाच्या आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उर्हो पेल्टो सगळ्यांसमोर वाइनोला म्हणाला होता, "तुझ्या दुकानातली गोळी दारावर टकटक करते रे, आत काही येत नाही." माझ्या काडतुसांच्या हलक्या बारावर लोक हसले. वाइनोही हसला. सणाच्या दुपारी तो मागच्या खोलीत गेला, हाताने खूण करून मला स्वयंपाकघरात पाठवले आणि एक खोके भरून घेऊन आला. ते त्याने माझ्या डब्यातून भरले नव्हते. वरच्या फळीवर त्याच्या मोठ्या पिस्तुलाची दारू असे, तिला मी कधी हात लावत नसे. त्या दारूने त्याने लहान पुंगळ्या भरल्या. त्या रात्री नवे, जाड लोखंडाचे रिव्हॉल्व्हर स्वतः झाडून उर्होला आवाज ऐकवायचा, एवढाच त्याचा बेत होता. वाईट हेतू नव्हता. हे मी त्याच्या बाजूने लिहीत आहे, कारण ते खरे आहे.

पण खोक्यावर त्याने काही लिहिले नाही. खोके शेकोटीजवळच्या टेबलावर माझ्या खोक्यांशेजारी पडून राहिले. आमच्याकडे जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो. रेइनो, वाइनोचा धाकटा भाऊ, एकोणतीस वर्षांचा, शरद ऋतूत लग्न ठरलेला, हसत आला, आईचे लहान रिव्हॉल्व्हर घेतले, हाताला लागले त्या खोक्यातून पाच काडतुसे भरली आणि डब्यावर नेम धरला. पहिल्याच बाराला रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात फुटले. उजव्या हाताची दोन बोटे गेली आणि उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मागच्या जिन्यात वाइनोने मला थांबवले. महिन्याभरात तो माझ्याशी बोलला होता असे ते पहिलेच.

"तू म्हण, ते खोकं तू भरलंस."

मी विचारले, का.

"दुकान माझ्या नावावर आहे. माझ्या हातून झालं म्हटलं तर उद्या दारात एक माणूस उभा राहणार नाही. बाईमाणसाच्या हातून चुकलं म्हटलं तर लोक चुकचुकतील नि विसरतील." मग खाली पायरीकडे पाहत म्हणाला, "तू तशीही जाणारच आहेस. बॅग पाहिलीय मी. जाताना हेही घेऊन जा."

मला तो सौदा वाटला. सुटकेची किंमत म्हणून नावावर एक डाग, मी जाणारच, मग कोण काय म्हणते ते ऐकायला कशाला राहते. मी हो म्हटले. चौकशीला आलेल्या पोलिसाला सांगितले, पाद्रीबाबांना सांगितले, सासूबाईंना सांगितले, आणि पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून बसलेल्या रेइनोला सांगितले. त्याने डाव्या हाताने पांघरूण ओढून घेतले.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. त्याच्या सिल्वीने अंगठी पाकिटात घालून परत पाठवली होती. सासूबाई बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याला आता भरवायचं कोणी? मी आज आहे, उद्या नाही."

ज्या बाईने माणसाचा डोळा घेतला ती त्याला टाकून दुसऱ्या गावी बेकरीत पाव विकायला कशी जाणार? वाइनोने डाग माझ्याबरोबर धाडायचा म्हटले होते, पण त्या डागानेच मला बांधून घातले. त्या आठवड्यात मी बॅग रिकामी केली.

मी शपथेवर सांगते की ते खोके मी भरले नव्हते.

कलम ७. घर आणि रेइनो. वकीलबाईंनी या कलमाला सगळ्यात जास्त वेळ घ्या असे सांगितले, म्हणून घेत आहे.

अठ्ठेचाळीस वर्षे मी रेइनोचे मांस कापून दिले, बटणे लावली, तो जिन्यावरून उतरताना उजव्या बाजूला उभी राहिले. सासूबाई वारल्या, वाइनो वारला, आम्ही दोघे राहिलो. आयली दर ख्रिसमसला लिहायची की खोली अजून आहे. सन १९९४ मध्ये ती वारली. मी काडतुसे भरत राहिले, प्रत्येक काडतूस दोनदा जोखत. पुढे पुढे असे झाले की मला स्वतःलाच वाटू लागले, ते खोके मीच भरले होते. स्वप्नात मी वरच्या फळीकडे हात नेते आणि डबा काढते असे दिसायचे. खोटे पुष्कळ दिवस सांगितले की हाताला त्याची सवय होते.

या सप्टेंबरात रेइनो न्यूमोनियाने आठ दिवस इस्पितळात होता. मी त्याची खोली धुवायला काढली. पलंग सरकवला तर भिंतीकडच्या पायाशी तंबाखूचा पत्र्याचा डबा होता. आत त्या खोक्यातली दोन काडतुसे, पुंगळीच्या तोंडावर वाइनोच्या यंत्राचा खोल दाब. माझा दाब हलका असतो, हे दोन तालुक्यांत सर्वांना ठाऊक आहे. तिसरे काडतूस कोणीतरी उघडले होते. गोळी वेगळी, पुंगळी वेगळी, आणि दारू चर्चच्या पत्रकाच्या तुकड्यात पुडी बांधून. पुडीवर रेइनोच्या डाव्या हाताचे वाकडे अक्षर: 'मार्च १९६२. वाइनोची दारू.'

मी पलंगावर बसले. किती वेळ ते लिहीत नाही.

तो घरी आल्यावर चौथ्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी, मी डबा मेणकापडावर ठेवला. त्याने चांगल्या डोळ्याने पाहिला.

"कुठं सापडला?"

"पलंगाखाली. बासष्ट सालापासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने कपाचा कान दोनदा फिरवला. "बोललो असतो तर तू गेली असतीस."

"गेले असते."

"मग माझं कोण होतं, हेल्मी? सिल्वी गेली. आई थकलेली. आणि वाइनोच्या हातचा घास मी उपाशी मेलो असतो तरी घेतला नसता."

मी विचारले, तुला ठाऊक आहे हे वाइनोला कधी कळले का. नाही म्हणाला. वाइनोसमोर पुडी टाकायची म्हणून तो दोनदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. दोन्ही वेळा मी आत टेबलाशी बसून काडतुसे जोखत होते, आणि मला पाहून तो परत फिरला. म्हणजे एकवीस वर्षे आम्ही तिघे एका टेबलावर जेवलो, तिघांनाही तेच एक ठाऊक होते, आणि आम्हा नवराबायकोला वाटत होते की आपण ते त्याच्यापासून लपवतो आहोत.

तो म्हणाला, "रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगतो सगळ्यांना."

"सत्तेचाळीस वर्षं रविवार येत होता," मी म्हटले. "आता माझं मी सांगेन."

मग तो रडला. फक्त डाव्या बाजूने. मला दया आली नाही आणि रागही आला नाही. नुसते वाटले की हवा कमी पडते आहे. मी खिडकी उघडली, बाहेर पाहिले. दार उघडे होते, रस्ता होता, बस अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी डुलुथकडे जाते. पण तिथे आता कोणी नाही, आणि बसच्या पायरीवर चढायला मला दोन माणसे लागतात. खिडकी लावली. दुपारी डुकराचे मांस भाजले आणि त्याचे तुकडे करून त्याच्यापुढे ठेवले. हात आपोआप चालतात.

जेवताना तो म्हणाला, "तू मला कधी वाईट वागवलं नाहीस." मी म्हटले, मीठ हवे का.

तेव्हा माझा निर्णय असा: रेइनो तुओमेला हा जिवंत असेपर्यंत या घरात राहील, त्याच खोलीत, आणि त्याला कोणीही बाहेर काढू नये. त्याने मला कोंडले म्हणून मी त्याला उघड्यावर टाकावे असे पंधरा दिवस माझ्या मनात होते. मसुदाही तसा झाला होता. तो मी फाडला. एका माणसाने उरलेले दिवस कुठल्या खोलीत काढावेत हे दुसऱ्याने ठरवण्यातून काय होते ते मी पाहिले आहे. त्याच्यानंतर घर आणि मागची दहा एकर जमीन डार्लीनची.

मात्र त्याचे जेवण, कपडे, आंघोळ हे सर्व पगारी माणसाने करावे. माझ्या बचतीतून प्रथम तो पगार द्यावा. डार्लीनने किंवा गावातील कोणत्याही बाईने त्याला सांभाळावे अशी कोणतीही अट या दस्तात नाही. कोणी दयेने, नात्याने, चर्चच्या नावाने किंवा कोणाच्या चुकीच्या बदल्यात तशी अट घालू पाहील, तर ती मी आत्ताच रद्द करून ठेवते.

कलम ८. सासूबाईंची तांब्याची कॉफीची किटली चर्चच्या महिला मंडळाला द्यावी. ती गळते. त्यांना ते ठाऊक आहे, पण गेली वीस वर्षे त्या ती मागत आहेत. सौना, म्हणजे अंगणातली वाफेच्या आंघोळीची खोली, मी दर शनिवारी तापवली. डार्लीनला जमेल तेव्हा तिने तापवावी, न जमल्यास तापवू नये. माझे कपडे ज्याला लागतील त्याला. पुस्तके नाहीत. तंबाखूचा डबा, आतील पुडी आणि दोन काडतुसांसह, वकीलबाईंच्या तिजोरीत आहे. कलम ६ वर कोणी शंका घेतली तरच तो उघडावा. ती काडतुसे कोणी झाडू नयेत.

कलम ९. माझे शरीर. सन १९७० मध्ये वाइनोने चर्चच्या आवारात एका रांगेत तीन जागा घेतल्या. डावीकडे तो आहे. उजवीकडची रेइनोची आहे. मधली माझी, आणि त्यावर दगड बसवून माझे नाव आणि जन्माचे वर्ष कोरून झाले आहे, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. एकोणचाळीस वर्षे दर रविवारी मी त्या दगडावरून चालत गेले.

मला तिथे पुरू नये. त्या जागेचा कागद माझ्या नावावर आहे. ती विकू नये, कोणाला देऊ नये, दगड काढू नये आणि रेघेपुढे काही कोरू नये. मला डुलुथला न्यावे. आयलीच्या पायाशी लहानशी जागा आहे, दफनभूमीच्या माणसाशी मी फोनवर बोलले आहे, पत्र वकीलबाईंकडे आहे. तळघरातली कॉफी आणि वाचन उरकले की गाडी तिथूनच निघावी आणि घराच्या फाट्यावर थांबू नये.

रेइनो तेव्हा असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्याला माझ्याबरोबर गाडीत बसू द्यावे. चार तासांचा रस्ता आहे. उजव्या बाजूच्या खिडकीशी बसवू नका, त्याला त्या बाजूचे दिसत नाही. परत येताना त्याला एकट्याने यावे लागेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि त्याखाली मी साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

सही: हेल्मी ऑरोरा तुओमेला

आम्ही दोघे या बाईंना ओळखतो. त्यांनी आमच्यासमोर, हात न थरथरता सही केली. आम्हाला या दस्तातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: लॉइला हाउतामाकी, टपाल कार्यालय, सालो कॉर्नर
साक्षीदार २: क्लेटन बर्जर, किराणा दुकानदार, सालो कॉर्नर

स्थळ: सालो कॉर्नर, उत्तर मिशिगन
दिनांक: १७ नोव्हेंबर २००९, मंगळवार